रस्ता सामाईक, अंमल स्वतंत्र

मुंबईच्या फोर्टात किंवा पुण्याच्या शिवाजीनगरात जागेचे भाडे ज्या वेगाने वाढत गेले, त्या वेगाने लहान व्यावसायिकांची मिळकत वाढली नाही. आणि म्हणून एकाच मजल्यावर, एकाच दरवाजाआड दोन-तीन स्वतंत्र व्यवसायांनी आपापल्या कचेऱ्या थाटाव्यात, अशी तजवीज आता रूढ झाली आहे. एका बाजूस सनदी लेखापालांची पेढी, दुसऱ्या बाजूस बांधकामाचे नकाशे काढणारी सल्लागार मंडळी, मध्ये सामाईक बैठकीची खोली, सामाईक चहा, आणि भिंतीवर उंच टांगलेल्या लोखंडी पेटीत सामाईक राउटर व स्वीच, असा हा थाट असतो. विजेची वाटणी मीटर पाहून होते, चहाची माणशी होते. परंतु त्या पेटीतून निघणाऱ्या तारांची वाटणी कशी करावी, हा विचार पेढीतील संगणक पाच-सहा असेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही, आणि येण्याचे कारणही नसते.

तोपर्यंत प्रत्येक संगणक स्वतःपुरता मुखत्यार असतो. त्यावर बसणाऱ्याचे नाव, त्याचा पासवर्ड, त्याला कोणते फोल्डर उघडता यावे आणि कोणते येऊ नये, हा सारा हिशेब त्या यंत्राच्याच पोटात राहतो आणि एका यंत्राची नोंद दुसऱ्यास ठाऊक नसते. विंडोजच्या परिभाषेत या मांडणीला वर्कग्रुप म्हणतात, आणि चार माणसांच्या कचेरीस ती पुरेशी आहे. परंतु यंत्रे वीस झाली, आर्टिकलशिपसाठी आलेली मुले ठराविक मुदतीने बदलू लागली, आज या टेबलावर तर उद्या त्या टेबलावर बसू लागली, की एखादा मुलगा निघून गेल्यानंतर त्याचे खाते नेमके कोणकोणत्या संगणकांवर अजून चालू आहे, हे खात्रीने सांगणारा इसम कचेरीत उरत नाही. आणि ज्या पेढीच्या दप्तरात अशिलांची विवरणपत्रे, पॅन क्रमांक आणि बँकेचे उतारे आहेत, तिच्या बाबतीत ही बाब गैरसोयीपुरती न राहता जबाबदारीची होऊन बसते. अशा वेळी कोणीतरी सुचवतो की आपला सर्व्हर घ्यावा आणि आपले डोमेन उभारावे. ते ऐकून शेजारच्या नकाशेवाल्या मंडळींना साहजिकच शंका येते की, स्वीच एक, इंटरनेट एक, वायफाय एक, तर उद्या यांच्या सर्व्हरचा हुकूम आमच्या संगणकांवरही चालू लागणार की काय?

शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर देण्याआधी डोमेन ही चीज काय आहे ते पाहिले पाहिजे. मायक्रोसॉफ्टने १९९३ साली विंडोज एनटी बाजारात आणले तेव्हा त्याच्या सर्व्हरच्या आवृत्तीत ही कल्पना होती, आणि फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २०००बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी या नावाने तिला आजचे रूप आले. कचेरीतील सर्व माणसांची, सर्व यंत्रांची आणि माणसांच्या गटांची एकच अधिकृत नोंदवही. ती सांभाळणारा डोमेन कंट्रोलर नावाचा सर्व्हर. आणि त्या नोंदवहीचा निर्णय आपल्यावर बंधनकारक आहे असे एकदा कबूल करून बसलेली यंत्रे, इतक्यावर हा सारा कारभार उभा आहे. सदस्य झालेल्या यंत्रापुढे कोणी सकाळी नाव आणि पासवर्ड दिला, की ते यंत्र स्वतः निर्णय न घेता कंट्रोलरला विचारते. मुलगा पेढी सोडून गेला, तर नोंदवहीतील त्याचे एकच खाते बंद केले की पुरते. पासवर्ड किती अक्षरांचा असावा, पेन ड्राइव्ह चालू द्यावा की नाही, पडदा किती मिनिटांनी बंद व्हावा, हे नियम ग्रुप पॉलिसी या नावाने एके ठिकाणी लिहून ठेवले जातात, आणि सदस्य-यंत्रे नेहमीच्या मांडणीत दीड ते दोन तासांच्या अंतराने ते आपण होऊन वाचून घेतात.

दक्षिण महाराष्ट्राच्या जुन्या नकाशाकडे ज्यांनी कधी कुतूहलाने पाहिले असेल, त्यांना ही व्यवस्था अपरिचित वाटू नये. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड या पटवर्धनी संस्थानांचा मुलूख १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत सलग नव्हता. त्यांची गावे इंग्रजी तालुक्यांत आणि एकमेकांच्या हद्दींत विखुरलेली होती, आणि एकाच रस्त्याने निघालेल्या गाडीवानाला वाटेत निरनिराळे अंमल ओलांडून जावे लागे. रस्ता साऱ्यांचाच होता. फिर्याद कोणत्या कचेरीत गुदरायची आणि कोणाचा शिक्का ग्राह्य मानायचा, एवढे मात्र गावागणिक बदले. डोमेनही तारेवर हद्द आखत नाही. कोणत्या यंत्राने कोणाचा शिक्का ग्राह्य मानावा इतकेच ते ठरवते. एकाच स्वीचला शेजारी शेजारी जोडलेल्या तीन यंत्रांपैकी एक एका डोमेनचे सदस्य, दुसरे दुसऱ्या डोमेनचे आणि तिसरे कोणाचेच नाही, अशी स्थिती वर्षानुवर्षे सुरळीत चालू शकते.

तेव्हा शेजाऱ्यांची भीती निराधार आहे. कोणतेही यंत्र केवळ त्याच तारेवर आहे म्हणून डोमेनच्या ताब्यात जात नाही. त्या यंत्रावर ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार असलेल्या माणसाने, डोमेनमधील खात्याचे नाव व पासवर्ड देऊन, त्याला सदस्य करून घ्यावे लागते. (विंडोजची होम आवृत्ती तर सदस्य होऊच शकत नाही. स्वस्त पडतात म्हणून होम आवृत्तीचे लॅपटॉप एकगठ्ठा घेणाऱ्या कित्येक पेढ्यांना या नियमाचा साक्षात्कार सर्व्हर आल्यानंतर होतो, आणि वाचलेले पैसे प्रो आवृत्तीच्या परवान्यापायी परत द्यावे लागतात.) सावधगिरी घ्यायची असेल तर ती उलट दिशेने घ्यावी: नेहमीच्या मांडणीत डोमेनमधल्या साध्या खातेदारालाही दहापर्यंत यंत्रे सदस्य करून घेण्याची मुभा असते, आणि ही संख्या शून्यावर आणून तो अधिकार नेमलेल्या माणसाकडेच ठेवणे हे शहाणपणाचे.

भीती निराधार असली तरी निश्चिंत होण्यासारखी परिस्थिती मात्र नाही. अंमल निराळे असले तरी रस्ता एक असल्यामुळे जी काही भांडणे व्हायची ती रस्त्यावरच होतात, आणि त्यांतले पहिले व सर्वांत त्रासदायक भांडण आयपी ॲड्रेस कोणी वाटायचे याचे आहे. यंत्र चालू झाले की त्याला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो. म्हणून ते त्या जाळ्यावरील सर्वांना उद्देशून पुकारा करते की, मला कोणी पत्ता देईल काय? त्या पुकाऱ्याला उत्तर देणाऱ्या सेवेस डीएचसीपी म्हणतात. ती पत्ता देते, तो किती मुदतीचा ते सांगते, बाहेर जाण्याचा मार्ग कोणत्या राउटरवरून आहे ते सांगते, आणि नावांची चौकशी कोणत्या डीएनएस सर्व्हरकडे करावी तेही सांगते. पुकारा सर्वांना ऐकू जातो. उत्तर एकाहून अधिकांनी दिले तर यंत्र बहुधा जे आधी पोचेल ते पत्करते, आणि कोण अधिकृत आणि कोण आगंतुक हे ओळखण्याचे साधन त्याच्याजवळ नसते.

सामाईक कचेरीत घडते ते असे. इंटरनेट पुरवणाऱ्याने बसवलेला राउटर आधीपासून पत्ते वाटत असतो आणि नावांच्या चौकशीसाठी स्वतःकडे, किंवा पुरवठादाराच्या डीएनएसकडे बोट दाखवत असतो. पेढीचा नवा सर्व्हर येतो आणि तोही पत्ते वाटू लागतो, पण तो बोट दाखवतो स्वतःकडे. परिणामी पेढीच्या काही यंत्रांना राउटरचे उत्तर आधी मिळते, त्यांना डोमेन सापडत नाही, लॉगिनला मिनिटेच्या मिनिटे लागतात आणि सामाईक फोल्डर दिसेनासे होते. उलट शेजाऱ्यांच्या काही यंत्रांना सर्व्हरचे उत्तर आधी मिळते, ती विनाकारण पेढीच्या सर्व्हरवर विसंबू लागतात, आणि रविवारी पेढीने सर्व्हर बंद केला की नकाशेवाल्यांचे इंटरनेट गेले असे त्यांना वाटते. दुखणे पत्त्याच्या मुदतीप्रमाणे येते आणि जाते. सोमवारी जे यंत्र बिघडलेले होते ते मंगळवारी आपोआप बरे झालेले असते आणि दुसरेच बिघडते. बोलावलेला माणूस केबल बदलतो, विंडोज पुन्हा घालतो, क्वचित स्वीचही बदलतो, आणि बिल देऊन जातो.

मायक्रोसॉफ्टने या अडचणीचा विचार केला नव्हता असे नाही. डोमेनमध्ये असलेल्या विंडोज सर्व्हरला पत्ते वाटण्यापूर्वी ॲक्टिव्ह डिरेक्टरीत त्याची रीतसर मंजुरी नोंदवावी लागते. मंजुरी नसेल तर सेवा मुकाट बसते. लहान कचेऱ्यांसाठी काढलेल्या स्मॉल बिझनेस सर्व्हर या जुन्या उत्पादनात तर त्याहून कडक शिरस्ता होता: त्याच जाळ्यावर दुसरा कोणी पत्ते वाटताना आढळला की तो सर्व्हर आपली सेवा स्वतःच बंद करी. परंतु दोन-तीन हजार रुपयांच्या राउटरला मंजुरी ठाऊक नाही आणि शिरस्ताही ठाऊक नाही, तो वाटतच राहतो. म्हणून सामाईक जाळ्यावर डोमेन उभारताना, सर्व्हरची पेटी उघडण्याच्याही आधी, एका जाळ्यावर पत्ते वाटणारा एकच असेल आणि तो अमुक असेल, हा निर्णय दोन्ही पक्षांनी मिळून घेतला पाहिजे. सर्व्हरने स्वतःसाठी मात्र वाटपातला पत्ता घेऊ नये. तो हाताने लिहून कायमचा ठेवावा, आणि राउटरच्या वाटपाच्या फेरिस्तीतून तो वगळावा.

डीएनएसचा उल्लेख वर आला, तो जरा सविस्तर केला पाहिजे. कारण डोमेनच्या दहा तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ तेथे सापडते. इंटरनेटच्या पूर्वावतारात, म्हणजे आर्पानेटवर, साऱ्या यंत्रांची नावे व पत्ते कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेल्या एकाच यादीत असत आणि ती यादी ज्याने त्याने उतरवून घ्यायची असे. यंत्रे वाढली तशी ती पद्धत कोलमडू लागली, आणि १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार पायरीपायरीने वाटून देणारी डीएनएसची रचना मांडली. ॲक्टिव्ह डिरेक्टरीने याच रचनेवर आपली इमारत उभी केली. सदस्य-यंत्राला कंट्रोलरचा पत्ता कोणी सांगून ठेवलेला नसतो. ते दर वेळी डीएनएसला विचारते की, या डोमेनसाठी शिक्का देणारा कोण आणि तो कोठे आहे? याचे उत्तर केवळ पेढीच्या स्वतःच्या डीएनएसमध्ये असते. म्हणून ‘असू द्या एक पर्यायी’ या सद्हेतूने सदस्य-यंत्रांवर दुसरा डीएनएस म्हणून गुगलचा ८.८.८.८ लिहून ठेवण्याची जी सर्रास प्रथा आहे, ती मोडली पाहिजे. त्याला पेढीच्या अंतर्गत नावांची काही माहिती नसते, तो प्रामाणिकपणे ‘असे नाव नाही’ म्हणून सांगतो, आणि यंत्र ते खरे मानते. बाहेरच्या नावांची चौकशी पेढीच्या डीएनएसनेच पुढे पाठवावी. तशी सोय त्याच्यात असते.

नाव ठेवतानाही पुढचा विचार हवा, कारण उभ्या डोमेनचे नाव बदलणे हे नवे डोमेन उभारण्याहून जिकिरीचे काम आहे. एके काळी अंतर्गत डोमेनला ‘.लोकल’ हे शेपूट लावण्याची चाल होती आणि मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांतून ती पसरली. पुढे ॲपलच्या यंत्रांनी तेच शेपूट आपसांतील शोधाशोधीसाठी वापरले आणि २०१३ साली ते त्या कामासाठी औपचारिकपणे राखून ठेवण्यात आले, तेव्हा मॅक आणि डोमेन एकत्र असलेल्या कचेऱ्यांत गोंधळ सुरू झाला. नकाशेवाल्यांकडे मॅक असण्याचा संभव लेखापालांपेक्षा अधिक, हे येथे लक्षात घ्यावे. पेढीने संकेतस्थळासाठी जे नाव स्वतः नोंदवून घेतले आहे, त्याच्याच पुढे एक शब्द जोडून अंतर्गत डोमेनला द्यावा, ही आजची मान्य रीत. तसे नोंदवलेले नाव नसेल तर ‘.इंटर्नल’ हे शेपूट इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २०२४ साली खासगी वापरासाठी राखून ठेवले आहे. याखेरीज प्रत्येक डोमेनला पंधरा अक्षरांच्या आतले एक जुन्या वळणाचे आखूड नावही असते, आणि एकाच जाळ्यावर दोन पेढ्यांनी ते ‘ऑफिस’ असे ठेवले तर दोघांचीही यंत्रे बुचकळ्यात पडतात. हे काल्पनिक संकट वाटेल. परंतु नाव सुचवण्याचा कंटाळा ही सार्वत्रिक वृत्ती आहे.

इथवर वाचलेल्या चोखंदळ वाचकाने एव्हाना विचारले असेल की, रस्ताच निराळा का करू नये? करावा, आणि जमेल तर आधी तेच करावे, असे माझे मत आहे. डोमेनने अंमल वेगळा होतो, पण शेजारच्या यंत्रात शिरलेला व्हायरस अंमल पाहत नाही; तो तार पाहतो. तार एक ठेवूनही रस्ते दोन करण्याची सोय व्हीलॅन या नावाने उपलब्ध आहे. तिचे प्रमाण १९९८ साली ठरले. त्यानुसार तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर एक क्रमांक घातला जातो आणि स्वीच एका क्रमांकाचे पुडके दुसऱ्या क्रमांकाच्या यंत्राकडे जाऊ देत नाही. असे चार हजार चौऱ्याण्णव क्रमांक वापरता येतात. आपल्याला दोन किंवा तीन पुरेत. पेढीला १९२.१६८.१० या मालिकेतील पत्ते, शेजाऱ्यांना १९२.१६८.२० या मालिकेतील, आणि दोघांचा सामाईक प्रिंटर तिसऱ्या क्रमांकावर. राउटरने प्रत्येकाला इंटरनेटकडे जाऊ द्यावे, दोघांना प्रिंटरकडे जाऊ द्यावे, पण एकमेकांकडे जाऊ देऊ नये. पत्ते मागणारा पुकारा व्हीलॅनच्या बाहेर ऐकू जात नसल्यामुळे वर वर्णिलेले वाटपाचे भांडणही आपोआप मिटते. यासाठी स्वीच मात्र मॅनेज्ड जातीचा लागतो, आणि सामाईक पेटीत बहुधा साधा असतो. फरक काही हजारांचा असतो. तो दोघांनी मिळून सोसावा, याबद्दल दोन्हीकडे तात्त्विक एकमत असते आणि खर्च मात्र पुढच्या तिमाहीवर जातो.

ज्यांना हा खर्च नको असतो ते पेढीसाठी दुसरा राउटर आणून तो पहिल्याच्या पोटात जोडतात. हा उपाय स्वस्त आहे, पण त्यात एक अन्याय दडलेला आहे. मागच्या राउटरआडची यंत्रे पुढच्या जाळ्यावरील यंत्रांना गाठू शकतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते जाळे म्हणजे बाहेरच्या जगाकडे जाण्याची वाट; परंतु पुढची यंत्रे मागच्यांना आपण होऊन गाठू शकत नाहीत. म्हणजे ज्याने दुसरा राउटर आणला त्याला संरक्षण मिळाले, आणि ज्याच्या राउटरवर तो जोडला त्याचे दार शेजाऱ्याला उघडेच राहिले. न्यायाने करायचे तर सर्वांपुढे एक तटस्थ राउटर ठेवून त्याच्यामागे दोघांनी आपापला जोडावा. आणखी एक युक्ती काही मंडळी सुचवतात, की सर्व्हरमध्येच दोन नेटवर्क कार्डे घालून त्याचा एक हात प्रत्येक जाळ्यात ठेवावा. डोमेन कंट्रोलरच्या बाबतीत ती कटाक्षाने टाळावी. तो आपले दोन्ही पत्ते डीएनएसमध्ये नोंदवतो, आणि यंत्रांना कधी पोचता येणारा पत्ता मिळतो, कधी न येणारा.

काळ-वेळेची गोष्ट थोडक्यात सांगतो. डोमेनमध्ये ओळख पटवण्याचे काम कर्बेरॉस या पद्धतीने होते. ती अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या अथीना प्रकल्पात घडली. तिच्यात पासवर्ड तारेवरून फिरत नाही. कंट्रोलर ठराविक मुदतीचे, नेहमीच्या मांडणीत दहा तासांचे, एक तिकीट देतो आणि पुढचे सारे व्यवहार त्या तिकिटावर चालतात. मुदत मोजायची तर घड्याळे जुळली पाहिजेत, आणि यंत्राचे व कंट्रोलरचे घड्याळ पाच मिनिटांहून अधिक चुकले की पासवर्ड बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा किंवा एनआयसी यांच्या वेळेशी जुळवून ठेवण्यास, आणि यंत्रांच्या नोंदी एकशे ऐंशी दिवस जपून ठेवण्यास सांगितले आहे. कंट्रोलरची वेळ तिकडून घ्यावी. बाकीची यंत्रे त्याच्यापासून आपोआप घेतात.

आता एका मोहाचा विचार केला पाहिजे, कारण तो शहाण्यासुरत्या माणसांनाही पडतो. पेढीचा सर्व्हर आला आहे, शेजाऱ्यांनाही डोमेनची गरज भासू लागली आहे, तेव्हा एकाच व्यवस्थेत दोन डोमेने करून खर्च का वाचवू नये? ॲक्टिव्ह डिरेक्टरीत अनेक डोमेनांच्या समूहाला फॉरेस्ट म्हणतात, आणि एका फॉरेस्टमध्ये दोन डोमेने सहज राहू शकतात. आरंभीच्या काळात डोमेन हीच सुरक्षिततेची सीमा असे समजले जाई. पुढे मायक्रोसॉफ्टनेच स्पष्ट केले की खरी सीमा फॉरेस्टची आहे, आणि एका फॉरेस्टमधील कोणत्याही एका डोमेनचा ॲडमिनिस्ट्रेटर मनात आणील तर साऱ्या फॉरेस्टचा धनी होऊ शकतो. एकाच मालकाच्या दोन शाखांना ही व्यवस्था चालेल. दोन निराळ्या मालकांनी, ज्यांची अशिले निराळी, ज्यांच्यावरची कायद्याची जबाबदारी निराळी, त्यांनी ती करू नये. दोघांची फॉरेस्टे वेगळी असावीत, आणि एखाद्या फोल्डरची देवाणघेवाण नित्याची झाली तर दोन फॉरेस्टांमध्ये ट्रस्ट नावाचा मर्यादित तह करावा. वर उल्लेखिलेला स्मॉल बिझनेस सर्व्हर हा असा कोणताही तह करूच देत नसे आणि आपल्या फॉरेस्टच्या मुळाशी आपणच असलो पाहिजे असा त्याचा आग्रह असे. त्याबद्दल त्या काळी पुष्कळ कुरकुर झाली. पंच्याहत्तर खातेदारांच्या मर्यादेत राहणाऱ्या लहान पेढ्यांना त्या हट्टाने नकळत योग्य मार्गावर ठेवले, असे मला आता वाटते. खर्चाच्याच भीतीने मोह पडत असेल, तर अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेले सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर २०१२ अखेरच्या चौथ्या आवृत्तीपासून लिनक्सवर डोमेन कंट्रोलरचे काम करते, हे सांगून ठेवतो. मात्र ते सांभाळणारा जाणता माणूस हाताशी हवा.

नोंदवही एकच असल्याचा लाभ जितका मोठा, तितकाच ती गमावण्याचा धोका मोठा. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम सुटला आणि मर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात काही तासांत पसरला. चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक पुन्हा नव्याने उभारावे लागले, असे त्या कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितले. आपल्या न्हावाशेव्याला त्याच उद्योगसमूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही त्याने विस्कळीत झाले होते. कंपनीचे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर जगभर होते आणि प्रत्येकाजवळ नोंदवहीची प्रत होती. एक गेला तर दुसरा आहे, अशी ती आखणी. परंतु सारेच एका वेळी जातील, ही शक्यता तीत धरलेली नव्हती, आणि ते सारेच गेले. घाना देशातील एका कचेरीत हल्ल्यापूर्वी वीज गेल्याने तेथला कंट्रोलर जाळ्यापासून तुटलेला होता, तेवढा वाचला. त्याची माहिती तारेवरून पाठवण्याइतका वेग तेथे नव्हता. कर्मचाऱ्याजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी तो डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तेथे दुसऱ्याच्या हवाली केली, आणि त्या दुसऱ्याने ती लंडनला पोचवली. लहान पेढीने यातून घ्यायचा बोध व्यवहाराचा आहे. कंट्रोलर शक्यतो दोन असावेत, हे खरे. परंतु नोंदवहीची एक प्रत जाळ्याला न जोडलेल्या डिस्कवर, कचेरीबाहेर असावी आणि ती ताजी असावी, कारण नेहमीच्या मांडणीत एकशे ऐंशी दिवसांहून जुनी प्रत परत चढवता येत नाही.

तांत्रिक भाग येथे संपतो आणि सामाईक कचेरीतली खरी अडचण सुरू होते, ती म्हणजे पेटीची किल्ली. कंट्रोलरवरील नोंदवही ही अखेर एक फाइल आहे, आणि ज्याच्या हाती सर्व्हरची डिस्क पडली त्याला सवडीने त्यातील पासवर्डांवर प्रयोग करता येतात. म्हणून सर्व्हर सामाईक पेटीत न ठेवता पेढीच्या कुलपात ठेवावा आणि त्याची डिस्क सांकेतिक करून घ्यावी. दोन्ही पेढ्यांचा नेटवर्कवाला बहुधा एकच असतो. तो सज्जन असतो, वर्षानुवर्षांचा असतो, आणि दोघांचेही पासवर्ड त्याच्या एकाच वहीत असतात. त्याला बदला असे मी म्हणत नाही. पण डोमेनच्या सर्वाधिकारी खात्याचा पासवर्ड लिफाफ्यात बंद करून मालकाकडे असावा, आणि नेटवर्कवाल्याने रोजच्या कामासाठी निराळे, कमी अधिकारांचे खाते वापरावे. राउटरची मांडणी कोण बदलेल, बदलण्यापूर्वी कोणाला कळवेल, इंटरनेटचे बिल कोणाच्या नावावर आहे आणि ते थकले तर काय, इतका तपशील एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. भाडेकरारात पार्किंगचा उल्लेख असतो, याचा नसतो.

अलीकडे या साऱ्या खटाटोपाला फाटा देऊन नोंदवहीच मायक्रोसॉफ्टच्या दूरस्थ यंत्रांवर, २०२३ पासून एंट्रा आयडी म्हटल्या जाणाऱ्या सेवेत, ठेवण्याकडे लहान पेढ्यांचा कल आहे, आणि ज्यांचे सारे काम ब्राउझरमध्ये होते त्यांनी तो मार्ग खुशाल धरावा. टॅली, नकाशांच्या प्रचंड फाइली, जुने प्रिंटर आणि दुपारी दोन वाजता जाणारे इंटरनेट ज्यांच्या नशिबी आहे, त्यांच्या कोपऱ्यात सर्व्हरची घरघर आणखी काही वर्षे चालेल. आणि एक दिवस पेढी वाढून दुसऱ्या जागेत निघते, तेव्हा आरंभी केलेल्या विभागणीचा हिशेब लागतो. सर्व्हर उचलून नेता येतो. डोमेनचे नाव तेच राहते, खाती तीच, पासवर्ड तेच, आणि सदस्य-यंत्रांना पुन्हा सदस्य करून घ्यावे लागत नाही. सर्व्हरचा पत्ता बदलावा लागतो, डीएनएसमध्ये तो नव्याने नोंदला गेल्याची खातरजमा करावी लागते, आणि पत्तेवाटपाची नवी मालिका लिहावी लागते. एवढे एका रविवारात होते. मागे राहिलेल्या नकाशेवाल्यांना सोमवारी त्यांच्या यंत्रांवर काही बदल जाणवत नाही, फक्त इंटरनेटचे पूर्ण बिल त्यांच्या नावावर येते, आणि तो मोकळा झालेला व्हीलॅन घेणारा नवा भाडेकरू शोधायचे काम सुरू होते.